ऊस तगतो, भुईमूग बसतो

सांगली-कोल्हापूरच्या कृष्णाकाठी जमीन क्षारपड होण्याचे खापर बहुधा पाण्यावर फुटते, आणि ते रास्तच आहे. काळ्या, चिकण मातीला मोकाट पाटपाणी मिळत गेले की भूजल वर चढते, केशाकर्षणाने पृष्ठभागापर्यंत येते, पाणी उडून जाते आणि मीठ मागे उरते. पण हा बिघाड इतका उशिरा का लक्षात येतो, याचे उत्तर पिकांमध्ये शोधावे लागते. मास आणि हॉफमन यांनी १९७७ साली निरनिराळ्या पिकांची क्षारसहनशीलता आकड्यांत मांडली. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता डेसिसायमन प्रति मीटरमध्ये मोजली, तर उसाचे उत्पादन १.७ पासूनच उतरू लागते, पण पुढच्या प्रत्येक एककाला जेमतेम सहा टक्क्यांनी. भुईमूग ३.२ पर्यंत तग धरतो आणि तिथून एककाला २९ टक्क्यांनी कोसळतो. म्हणजे वाहकता पाचवर गेली की उसाची घट वीस टक्क्यांच्या आसपास असते, तर भुईमूग निम्म्यावर येतो. सोयाबीन पाचपर्यंत शाबूत राहते, पण साडेसातला तेही निम्मे. घेवडा तर एकपासूनच उतरू लागतो. शेतकरी हिशेब करतो तो याच आकड्यांचा, भले त्याने ते कधी वाचलेले नसोत: शेंगवर्गीय पीक परवडेना, ऊस अजून चाललाय, मग ऊसच लावू. आणि ऊस म्हणजे आणखी पाणी. क्षाराची पहिली वर्दी देणारे पीक असे शेतातून हद्दपार होते आणि रोग वाढवणारे पीक मात्र टिकून राहते.

शेंगवर्गीय पिके एवढी हळवी का, याचे एक मोठे कारण मुळांवरच्या गाठींत आहे. मिठामुळे पाणी शोषणे अवघड होते आणि सोडियम व क्लोराइड पानांत साचून कडा करपतात. हे सगळ्याच पिकांचे दुखणे. या पिकांना त्यावर आणखी एक कामगिरी पार पाडायची असते. सोयाबीन किंवा हरभऱ्याचे मूळरोम वाकतात, त्या वळणातून रायझोबियम हा नत्र बांधणारा जिवाणू आत शिरतो, मग गाठ बनते. खाऱ्या मातीत मूळरोमच खुरटतात, वाकणे कमी होते आणि ही देवघेव सुरुवातीलाच अडते. गाठी झाल्याच तर कमी आणि बारीक. पस्तीस-चाळीस दिवसांच्या रोपाची गाठ नखाने फोडून पाहावी. आत गुलाबी-तांबूस रंग असेल तर नत्राचे काम चालू आहे; तो रंग लेगहिमोग्लोबिनचा. फिकट किंवा हिरवट निघाली तर गाठ नावापुरती. भुईमुगाची आणखी एक अडचण अशी की त्याच्या आऱ्या मातीतला कॅल्शियम थेट घेतात. सोडियमने भरलेल्या चोपण मातीत तो पुरेसा मिळत नाही आणि शेंगा पोचट राहतात.

यावर दुकानातले उत्तर तयार असते: जिवाणू संवर्धक जास्त चोळा. ते फारसे उपयोगाचे नाही, कारण रायझोबियमचे अनेक वाण पिकापेक्षा कितीतरी जास्त मीठ सोसतात. अडचण बव्हंशी यजमान मुळाकडे आणि दोघांच्या जुळणीत आहे. दुसरे उत्तर जास्त वजनदार आहे. गाठी बनत नसतील तर युरिया द्या. बाहेरून नत्र मिळालेली शेंगवर्गीय रोपे गाठींवर अवलंबून असलेल्या रोपांपेक्षा क्षार बरा सोसतात, हे प्रयोगांत दिसलेले आहे. मान्य. पण पीक त्याने तगले तरी जमिनीला नत्र देण्याचे त्याचे काम थांबतेच, शिवाय विम्ल मातीत वरून टाकलेल्या युरियाचा बराच भाग अमोनिया होऊन उडून जातो. पैसे मात्र पूर्ण लागतात.

सहनशील वाणांचे काय? कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेने ‘कर्नाल चना-१’ दिला. तो सहा डेसिसायमनच्या आसपास चालतो. कामाची गोष्ट आहे, पण ती सवड देते, मीठ कमी करत नाही. धैंचा त्यापुढे जातो, आणि तोही शेंगवर्गीयच. गाडल्यावर कुजताना कर्बवायू तयार होतो, त्याने मातीतली चुनखडी विरघळते आणि सुटलेला कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हुसकतो. जिप्सम हेच काम वेगाने करते. मात्र हुसकलेला सोडियम पाण्याबरोबर वाहून गेलाच पाहिजे. निचरा नसेल तर तो तिथेच घुटमळतो. माती परीक्षणाचा कागद वाचतानाही जपावे. आपल्याकडे वाहकता बहुधा एकास अडीच अशा पातळ द्रावणात मोजतात. तो आकडा संपृक्त अर्कापेक्षा लहान येतो, आणि वरच्या मर्यादांशी थेट ताडला तर खोटा दिलासा मिळतो.

तेव्हा भुईमूग किंवा सोयाबीन एखाद्या पट्ट्यात बसू लागले की पीक बदलण्याआधी तिथली माती आणि भूजलाची पातळी तपासणे स्वस्त पडते, कारण त्या टप्प्यावर चर, पाण्याच्या पाळ्यांत कपात आणि ठिबक यांवर बरेच भागते. जमीन पांढरी पडल्यावर सच्छिद्र पाइपांचा भूमिगत निचरा लागतो, आणि तो एकट्याच्या आवाक्यातला नसतो. शेजाऱ्याच्या बांधाखालून पाइप नेल्याशिवाय पाणी ओढ्याला लागत नाही. शिरोळ तालुक्यात ही कामे सहकारी पद्धतीने झाली ती याच कारणाने. तिथून निघालेले खारे पाणी ओढ्यावाटे पुन्हा कृष्णेतच जाते, आणि खालच्या गावांचे उपसा पंप त्याच नदीवर बसलेले आहेत.