मृत्यूचा दाखला : एक शब्द, दोन लेख

'दाखला' हा शब्द अरबी-फारसी परंपरेतून मराठीत आला असून 'दाखल होणे', म्हणजे नोंदले जाणे, हा अर्थ त्याच्या मुळाशी आहे. बोलीव्यवहारात मात्र 'मृत्यूचा दाखला' या एकाच संज्ञेने दोन भिन्न लेखांचा निर्देश होतो. पहिला लेख वैद्याचा. तो मृत्यूचे कारण सांगतो. दुसरा निबंधकाचा, मृत्यूची नोंद झाली, एवढेच तो प्रमाणित करतो. सातबाऱ्यावरील वारसनोंद, विमा व निवृत्तिवेतन यांसाठी लागतो तो दुसरा. या दोहोंची गल्लत झाली की शोकग्रस्त कुटुंबास विनाकारण हेलपाटे घालावे लागतात.

या व्यवहाराचा आधार जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, 1969 हा होय. नोंद मृताच्या रहिवासाच्या गावी नव्हे, तर मृत्यू जेथे घडला तेथे होते. इंदापूर तालुक्यातील रुग्ण बारामतीच्या रुग्णालयात निवर्तल्यास नोंद बारामतीस होते व खबर देण्याचे दायित्व रुग्णालयाच्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्यावर असते. तोच रुग्ण आपल्या गावी घरी निवर्तल्यास ते कुटुंबप्रमुखाकडे जाते. खबर 21 दिवसांच्या आत द्यावयाची असते. विलंब वर्षापलीकडे गेल्यास दंडाधिकाऱ्याचा आदेश आवश्यक ठरतो.

आता प्रश्न असा की, कारणाच्या प्रमाणपत्रावर स्वाक्षरी कोणी करावयाची? अधिनियमाची कसोटी दुहेरी आहे. स्वाक्षरी करणारा वैद्यकव्यवसायी असला पाहिजे आणि त्याने मृतावर त्या आजारात उपचार केलेले असले पाहिजेत. पहिल्या अटीचा निर्णय नोंदपटावरून होतो. कायद्याने आवश्यक अशा वैद्यकीय प्रमाणपत्रांवर स्वाक्षरी करण्याचा अधिकार आधुनिक वैद्यकाच्या नोंदणीकृत व्यवसायींस 2019 च्या, तर आयुर्वेद, युनानी व होमिओपॅथी यांच्या व्यवसायींस 2020 च्या केंद्रीय अधिनियमांनी दिला आहे. त्यामुळे खेड्यातील आयुर्वेद-पदवीधराची स्वाक्षरी केवळ तिच्या पद्धतीमुळे त्याज्य ठरत नाही. उलट ज्याचे नाव कोणत्याही नोंदपटात नाही, अशा अनुभवी 'डॉक्टर'ची स्वाक्षरी निरर्थक होय.

दुसरी अट व्यवहारात अधिक अडचणीची आहे. ज्याने रुग्णास कधी पाहिले नाही, त्या वैद्यावर हे प्रमाणपत्र देण्याचे बंधन अधिनियम घालीत नाही. त्याचा नकार हा आडमुठेपणा नव्हे. मात्र ज्याने उपचार केले, त्याने ते विनाशुल्क दिलेच पाहिजे. 2023 च्या दुरुस्तीने हे कर्तव्य सरकारी व खासगी अशा सर्व रुग्णालयांवर स्पष्टपणे घातले असून निकटच्या नातलगास प्रत देणेही आवश्यक केले आहे. विहिरीत पडणे, विषबाधा, अपघात अशा अनैसर्गिक मृत्यूंत मात्र उपचार करणाऱ्याच्या लेखाने भागत नाही. तेथे पोलिसांस खबर व चौकशी अपरिहार्य ठरते.

प्रमाणपत्राची भाषाही विचारणीय आहे. 'हृदयक्रिया बंद पडली' हे विधान प्रत्येक मृत्यूस लागू पडते. म्हणून ते कारण नव्हे. विहित नमुन्यात तात्कालिक कारण, त्यामागील कारण व मूळ व्याधी असा क्रम अपेक्षित आहे. त्या क्रमावरच रोगांची आकडेवारी उभी राहते.

सारांश, नोंद हा कुटुंबाचा हक्क आहे व कारणनिश्चिती ही वैद्याची जबाबदारी. एका शब्दाने दोन्ही झाकली जात असली, तरी कोणत्या दारी काय मागावयाचे हे त्या भेदावरूनच ठरते.