मारुतीच्या कुठवर?

गोदावरीला पूर आला, मग तो २००८ सालचा असो की २०१९ सालचा, की पंचवटीत माणसे एकमेकांना ‘पाणी खूप आहे का?’ असे विचारीत नाहीत. ‘मारुतीच्या कुठवर आलं?’ असे विचारतात. नदीच्या पात्रात उभा असलेला दुतोंड्या मारुती हे पुराचे लोकांनी मानलेले माप. ‘कमरेला लागलं’ एवढे ऐकले की काठचा दुकानदार माल वर चढवू लागतो.

पण हाच दुकानदार पुढे विमा कंपनीला इंग्रजीत अर्ज लिहायला बसला, की लिहितो, ‘व्हेरी व्हेरी हेवी लॉस’. असे का व्हावे? बोलताना आवाज चढवता येतो, ‘मोठ्ठा’ म्हणून जोर देता येतो. कागदाला आवाज नाही, म्हणून आपण ‘व्हेरी’वर ‘व्हेरी’ रचतो. गंमत अशी, की हा शब्द मुळात ‘खरा’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून आलेला. वापरून वापरून त्याची धार गेली. आपल्या ‘अगदी खरंच’चे तरी दुसरे काय झाले?

दुसरी अडचण ‘टू’ची. ‘आंबा फार गोड आहे’ ही स्तुती आणि ‘चहा फार गोड झाला’ ही तक्रार. आपला ‘फार’ दोन्हीकडे चालतो. इंग्रजीत स्तुतीला ‘व्हेरी’, तक्रारीला ‘टू’. ‘दुकान नदीला टू निअर आहे’ असे लिहिलेत, तर अर्थ होतो, असावे त्याहून जवळ आहे. वाचणारा म्हणेल, मग तिथे थाटलेत कशाला?

तिसरी गोष्ट जोडीची. आपण काळाकुट्ट म्हणतो, लालभडक म्हणतो. काळाभडक कोणी म्हणत नाही. इंग्रजीतही थंडीला ‘बिटरली’ शोभते, कृतज्ञतेला ‘डीपली’. ‘व्हेरी डिस्ट्रॉइड’ होत नाही, ‘कम्प्लीटली डिस्ट्रॉइड’ होते.

मग जोर द्यायचा कसा? ‘दुकानात तीन फूट पाणी होते, गव्हाची अकरा पोती भिजली’, असे साध्या इंग्रजीत लिहावे. यात ‘व्हेरी’ एकही नाही. पण नुकसान डोळ्यांपुढे उभे राहते आणि तपासायला येणाऱ्याला मोजताही येते. अर्ज पुरा झाला, की प्रत्येक ‘व्हेरी’पाशी क्षणभर थांबावे आणि आपले आपल्यालाच विचारावे, ‘मारुतीच्या कुठवर?’