धनेशाची ढोली आणि ५५४ ठिकाणं

यवतमाळचं नाव बाहेर निघतं ते कापसाच्या भावामुळे, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे, आणि २०१८ पासून पांढरकवड्याच्या अवनी वाघिणीमुळे. तिथल्या टिपेश्वर अभयारण्यात जिप्सीत बसलेल्यांनाही वाघच हवा असतो. डोक्यावरून राखी धनेश ओरडत गेला तरी कुणाची मान वर होत नाही. पण याच धनेशावर विदर्भातल्या एका प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाने पीएच.डी. केली. त्यांचं नाव डॉ. राजू कसंबे.

त्यांच्या सुरुवातीच्या कामात एक यादी दिसते. अमरावतीजवळच्या पोहरा-मालखेड राखीव जंगलातल्या पक्ष्यांची ही यादी जयंत वडतकर आणि कसंबे यांनी मिळून केली आणि ती २००२ मध्ये 'झूज प्रिंट जर्नल'मध्ये छापून आली. यादी करणं म्हणजे हौशी लोकांचा उद्योग, असं विद्वानांना वाटतं. मला उलट वाटतं. उद्या त्या जंगलातून रस्ता गेला, तर काय गमावलं हे सांगायला यादीखेरीज हाताशी असतं काय?

त्याच सुमारास पक्षीमित्रांना रानपिंगळ्याने वेड लावलं होतं. १८८४ नंतर ११३ वर्षं हा पक्षी कुणाला खात्रीने दिसलाच नव्हता. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो शहाद्याजवळ सापडला, पुढे मेळघाटातही आढळला. २००४ मध्ये कसंबे, वडतकर आणि सतीश पांडे प्रभृतींनी महाराष्ट्रातल्या त्याच्या आणखी नोंदी प्रसिद्ध केल्या.

धनेशाचा अभ्यास मात्र चिकाटीचा. उन्हाळ्याच्या तोंडाशी मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठेने, मातीने दार लिंपून स्वतःला आत कोंडून घेते. राहते ती चोच जेमतेम बाहेर निघेल एवढी फट. आत तिचे पंखांचे मोठे पर झडतात, म्हणजे उडायची सोयच उरत नाही. सगळी भिस्त नरावर. तो घशात वड-पिंपळाची फळं साठवून आणतो आणि फटीपाशी एकेक ओकून काढून तिच्या चोचीत देतो. पिल्लं थोडी मोठी झाली की मादी दार फोडून बाहेर येते, आतली पिल्लं फट पुन्हा लिंपून घेतात आणि मग नर-मादी दोघं मिळून त्यांना भरवतात. निरीक्षकाला हे सारं खाली बसून, भर उन्हात, फटीवर नजर लावून टिपावं लागतं. मध्य भारतातल्या धनेशाच्या विणीवरचा कसंबे आणि सहकाऱ्यांचा लेख २०११ मध्ये 'रॅफल्स बुलेटिन'मध्ये आला. धनेशाला ढोली स्वतः कोरता येत नाही, तिच्यासाठी म्हातारं झाडच लागतं. रस्ते रुंद करताना सगळ्यात आधी कुऱ्हाड पडते ती अशाच झाडांवर.

पुढे कसंबे मुंबईला, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत गेले आणि देशातल्या महत्त्वाच्या पक्षी-क्षेत्रांच्या प्रकल्पाचं काम पाहू लागले. धोक्यातल्या जाती, ठरावीक प्रदेशातच राहणाऱ्या जाती, मोठ्या संख्येने जमणारे थवे, अशा कसोट्यांवर ही ठिकाणं ठरतात. या क्षेत्रांवरच्या २००४ च्या ग्रंथात ती ४६६ होती. असद रहमानी, झफर-उल इस्लाम आणि कसंबे यांच्या २०१६ च्या सुधारित आवृत्तीत ती ५५४ झाली. इतकं मोठं बाड उभं राहतं ते गावोगावच्या पक्षीमित्रांनी पाठवलेल्या नोंदींवर. पोहरा-मालखेडसारख्या याद्या इथे कामी येतात.

'महत्त्वाचं पक्षी-क्षेत्र' या दर्जाला कायद्याचं बळ मात्र नाही. एखादं तळं ग्रंथात आलं म्हणून तिथला भराव थांबत नाही. तो थांबवायचा तर गावातल्या कुणाला तरी त्या तळ्यावर कोण उतरतं हे ठाऊक असावं लागतं. कसंबे पुढे सोसायटीच्या शिक्षण विभागाकडे वळले, ते मला म्हणूनच योग्य वाटतं.