जनुकांच्या ओळखक्रमांकांची जुळणी

जनुके आणि प्रथिने यांची माहिती साठवणाऱ्या माहितीसंचांनी आपापल्या गरजेनुसार ओळखक्रमांक ठरवले असल्यामुळे एकच जनुक ठिकठिकाणी वेगळ्या संकेताने नोंदलेले आढळते. कर्करोगाच्या गाठींना आळा घालणारे टीपी५३ हे मानवी जनुक अमेरिकेतील एनसीबीआयच्या जनुकसंचात ७१५७, तर युरोपातील एन्सेम्बलमध्ये ईएनएसजी०००००१४१५१० या संकेताने ओळखले जाते आणि त्यापासून घडणाऱ्या प्रथिनाची नोंद युनिप्रॉटमध्ये पी०४६३७ अशी आहे. दोन प्रयोगशाळांची निरीक्षणे एकत्र आणण्यापूर्वी या संकेतांचा परस्परसंबंध लावावा लागतो.

हे काम वरवर कोष्टकातून जोडी शोधण्याचे वाटते. परंतु जनुक आणि प्रथिन यांचे नाते नेहमी एकास एक नसते आणि जुळणीचा खरा कस तेथेच लागतो. पेशीतील कॅल्शियमचे संदेश टिपणारे कॅल्मोड्युलिन हे प्रथिन मानवात कॅल्म१, कॅल्म२ आणि कॅल्म३ या तीन स्वतंत्र जनुकांपासून तयार होते, तरी तिन्हींपासून मिळणाऱ्या प्रथिनातील अमिनो आम्लांचा क्रम तंतोतंत सारखा असतो. युनिप्रॉटमध्ये पूर्वी त्यासाठी पी६२१५८ ही एकच नोंद होती; पुढे तिच्या जागी पी०डीपी२३, पी०डीपी२४ आणि पी०डीपी२५ अशा तीन नोंदी झाल्या. त्यामुळे जुनी यादी नव्या आवृत्तीशी जुळवताना एका ओळीच्या तीन ओळी होतात. त्या तशाच ठेवल्यास एकच मोजमाप तीनदा धरले जाते आणि पहिलीच राखल्यास उरलेली दोन जनुके नकळत गळतात. याउलट सीडीकेएन२ए या एकाच जनुकापासून पी१६ आणि पी१४एआरएफ ही दोन अगदी भिन्न प्रथिने बनतात, म्हणून केवळ जनुकाच्या क्रमांकावरून प्रथिन निश्चित करता येत नाही.

क्रमांक सोडून नावांवर विसंबणे अधिक जोखमीचे ठरते, कारण नावे बदलतात आणि संगणकही त्यांचा विपर्यास करतो. एक्सेलमध्ये ‘मार्च१’ हे जनुकनाव आपोआप तारखेत बदलत असे. अखेर मानवी जनुकांना अधिकृत नावे देणाऱ्या एचजीएनसी या समितीने ते ‘मार्चएफ१’ असे केले आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या नामकरणाच्या नियमांत अशा बदलांची नोंद घेतली.

म्हणून मूळ संकेत न पुसता शेजारच्या रकान्यात जपणे, माहितीसंचाची आवृत्ती लिहून ठेवणे आणि न जुळलेल्या ओळी वेगळ्या राखणे, ही जुळणीची शिस्त आहे. अंदाजाने भरलेला रकाना पुढच्या प्रत्येक निष्कर्षात चूक पेरतो, तर रिकामा ठेवलेला रकाना पुन्हा तपासता येतो.