गर्भिणीचा आहार आणि अपत्याचे मन : उपदेशाची मर्यादा

गर्भिणी परिचर्या हा आपल्या चिकित्सालयांतील नित्याचा विषय आहे. मासानुमासिक पथ्याची छापील पत्रके आपण देतो, दूध-तुपाचा आग्रह धरतो आणि ‘बाळ बुद्धिमान होईल’ असे सहज बोलून जातो. या सहज बोलण्याचे ओझे पुढे कोणाच्या शिरावर पडते, याचा विचार मात्र क्वचितच होतो. एका मातेने तो आम्हांस करावयास लावला.

चार वर्षांच्या मुलाला घेऊन ती आली होती. मूल बोलत नव्हते. हाक मारली तरी वळून पाहत नव्हते. मुलाची हकीकत सांगण्यापूर्वीच तिने पिशवीतून गर्भसंस्कारावरील एक पुस्तिका काढली आणि एका ओळीवर बोट ठेवले. नित्य मधुर रस सेवन करणाऱ्या गर्भिणीचे अपत्य मूक होते, अशा आशयाचे ते वाक्य होते. ती म्हणाली, ‘‘डॉक्टर, सातव्या महिन्यात मला पेढ्यांचे डोहाळे लागले होते. सासूबाई म्हणतात, तुझ्याच जिभेनं पोराची जीभ नेली. खरं सांगा, माझ्यामुळंच झालं का हो हे?’’

हा प्रश्न तिने आपल्या शास्त्राला विचारला आहे, असे आम्ही मानतो.

संहितेचे म्हणणे

पुस्तिकेतील उल्लेख निराधार नव्हता. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील आठव्या अध्यायात गर्भोपघातकर भाव सांगितले आहेत, आणि त्यांत मधुर रसाच्या नित्य सेवनाचे फल प्रमेह, मूकत्व व अतिस्थौल्य असे दिले आहे. परंतु त्याच अध्यायातील मासानुमासिक आहार पाहिला, तर तो बहुतांशी मधुर रसाचाच आहे. पहिल्या महिन्यात दूध, दुसऱ्यात मधुर औषधांनी सिद्ध दूध, तिसऱ्यात मध व तूप घातलेले दूध, चौथ्यात दुधासह एक अक्ष, म्हणजे सुमारे १२ ग्रॅम लोणी, पाचव्यात क्षीरसर्पि. जो आचार्य मधुर रस सांगतो, तोच त्याचा निषेध कसा करील? उत्तर ‘नित्य’ या शब्दात आहे. एकाच रसाचा अखंड व अतिरेकी अभ्यास दोषावह, असा या गणनेचा भावार्थ आहे. त्यामुळे एखाद्या महिन्यातील पेढ्यांची इच्छा येथे अभिप्रेत असू शकत नाही.

शिवाय दौहृदासंबंधी चरकाचार्यांची भूमिका अत्यंत सहृदय आहे. इच्छा तीव्र असेल, तर अहितकर पदार्थही हितकर द्रव्याची जोड देऊन गर्भिणीस द्यावा, असे ते सांगतात. इच्छेचा अवरोध त्यांना अधिक घातक वाटतो. सत्त्वविशेषाची कारणे सांगतानाही त्यांनी माता व पिता या दोघांचे सत्त्व, गर्भिणीच्या कानी वारंवार पडणाऱ्या गोष्टी आणि स्वकर्म यांचा उल्लेख केला आहे. अपत्याच्या मनाचा सर्व भार मातेच्या ताटावर ठेवणे हे संहितेस धरून नाही.

आधुनिक निरीक्षणे

गर्भावस्थेतील पोषणाचा मनाशी संबंध नाही, असा मात्र याचा अर्थ होत नाही. सुश्रुताचार्यांनी पाचव्या महिन्यात मन अधिक प्रबुद्ध होते व सहाव्यात बुद्धी, असे म्हटले आहे. गर्भाच्या मनाचा विचार करणाऱ्या शास्त्राने नव्या पुराव्याकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे.

मानवावर उपासमारीचा प्रयोग करता येत नाही. परंतु इतिहासाने तो दुर्दैवाने केला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, नेदरलँड्सच्या पश्चिम भागात अन्नाची रसद तुटली आणि माणशी शिधा दिवसाला १००० कॅलरींच्याही खाली गेला. या दुष्काळाच्या ऐन भरात गर्भधारणा झालेल्या अपत्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सुमारे दुप्पट आढळले. ही निरीक्षणे १९९२ साली प्रसिद्ध झाली. चीनमध्ये १९५९ ते १९६१ या काळात पडलेल्या दुष्काळाविषयी आन्हुई प्रांतातील अभ्यास २००५ मध्ये आला आणि त्यातही तोच कल दिसला. तेथे १९५९ मध्ये जन्मलेल्यांत हा धोका ०.८४ टक्के होता, तर १९६० मध्ये जन्मलेल्यांत २.१५ टक्के. ही वाढ दुर्लक्षिण्याजोगी नाही. तथापि दुष्काळातही शंभरातील सुमारे ९८ जणांना हा विकार झाला नाही, हेही तितकेच लक्षात घ्यावे.

आपल्या घराजवळचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली मातृपोषणाचा अभ्यास सुरू झाला. त्यातील सुमारे दोनतृतीयांश मातांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी आढळले. ज्यांच्या मातांमध्ये ते फार कमी होते, अशी मुले नऊ वर्षांची झाल्यावर अवधान व अल्पकालीन स्मृतीच्या चाचण्यांत इतरांपेक्षा मागे पडली. नॉर्वेत सुमारे ८५ हजार मुलांच्या पाहणीत, गर्भधारणेच्या सुमारास फॉलिक ॲसिड घेतलेल्या मातांच्या मुलांत ऑटिझमचे प्रमाण कमी दिसले (२०१३). हा सहसंबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही. ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा सर्वांत मोठा आहे.

मद्याविषयी तर प्राचीन व अर्वाचीन मत एकच आहे. मद्यनित्य मातेचे अपत्य अल्पस्मृती व अनवस्थितचित्त होते, असे चरकाचार्य म्हणतात. १९७३ साली पाश्चात्त्य वैद्यकाने गर्भावरील मद्यपरिणामांच्या लक्षणसमुच्चयास स्वतंत्र नाव दिले, त्यातही बुद्धी व अवधान यांची हानी प्रमुख आहे.

आपल्या पत्रकांत काय असावे?

प्रथम मिठाचा विचार करू. सैंधव श्रेष्ठ म्हणून गर्भिणीस केवळ सैंधव वापरण्याचा सल्ला आपल्यापैकी अनेक जण देतात. आम्हीही देत होतो. परंतु सैंधवातून आयोडीनची गरज भागत नाही. गर्भाची स्वतःची अवटु ग्रंथी पुरेशी कार्यक्षम होईपर्यंत त्याच्या मेंदूची वाढ मातेच्या थायरॉक्सिनवर अवलंबून असते. गर्भिणीस दररोज सुमारे २५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. त्याची तीव्र उणीव ही बुद्धिमांद्याचे टाळता येण्याजोगे कारण आहे. रोजच्या स्वयंपाकात आयोडीनयुक्त मीठच असावे, हे पत्रकात स्पष्ट लिहावे.

दुसरे, काळ. मज्जानलिका गर्भधारणेपासून चार आठवड्यांच्या आत मिटते. तोवर अनेकींना दिवस गेल्याचेही ठाऊक नसते. म्हणून फॉलिक ॲसिडचा सल्ला अपत्याची इच्छा व्यक्त होताच द्यावा. चौथ्या महिन्यापासून शासकीय कार्यक्रमातील ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिडची गोळी आपल्या औषधांमुळे बंद पडू देऊ नये. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५२.२ टक्के गर्भिणींना रक्ताल्पता होती. शाकाहारी गर्भिणीची बी-१२ तपासणी करून घ्यावी. दूध-दह्याचा आग्रह येथे सार्थ आहे. मात्र तुपात बी-१२ नसते. मधुमेह असलेल्या गर्भिणीस खीर-लाडवांचे सरसकट पथ्य देणे तर मधुर रसाच्या अतिसेवनाचा संहितेतील इशाराच विसरण्यासारखे आहे.

तिसरे, ताट. ‘मूल मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल’ म्हणून कमी जेवणाऱ्या, सर्वांच्या मागून उरलेसुरले खाणाऱ्या, चतुर्थी-एकादशी साबुदाण्यावर काढणाऱ्या गर्भिणी आजही आपल्याकडे येतात. त्यांना पत्रक देऊन भागत नाही. पतीस व सासूबाईंस समोर बसवून तिने कधी आणि काय जेवावे हे ठरवावे लागते.

काय बोलू नये?

पोषणाने धोका कमी होतो; प्रतिभा, शील अथवा निरोगी मनाची हमी मिळत नाही. जेथे आपण बुद्धिमान अपत्याचे आश्वासन देतो, तेथे अपत्यास विकार झाल्यास मातेला दोषी ठरविण्याची तरतूदही आपणच करून ठेवतो. शोकनित्य गर्भिणीचे अपत्य भित्रे व कृश होते, असे सांगणाऱ्या शास्त्राच्या अनुयायांनी गर्भिणीच्या मनात भय पेरावे, हा विरोधाभास आहे.

त्या मातेला आम्ही एवढेच सांगितले की पेढ्यांनी मूल मुके होत नाही, आणि ते वाक्य ज्या अर्थाने लिहिले गेले तो अर्थ तिला लागू नाही. मुलाची श्रवणचाचणी करून घेतली, बालविकासतज्ज्ञांकडे व वाचोपचारासाठी पाठविले. पुढच्या भेटीस सासूबाईंनाही बोलाविले आणि हेच त्यांच्यासमोर पुन्हा सांगितले. त्या काही बोलल्या नाहीत. परंतु जाताना नातवाला त्यांनीच कडेवर घेतले.

त्यानंतर आमच्या पत्रकातील ‘बुद्धिमान अपत्यासाठी’ हे शीर्षक आम्ही काढून टाकले आणि ‘गर्भिणीच्या पोषणासाठी’ असे घातले. वैद्यबंधुभगिनींनीही आपापली पत्रके एकदा त्या मातेच्या नजरेने वाचून पाहावीत, अशी आमची विनंती आहे.