रेंजच्या आधी डोंगल

लोहगडवाडीच्या एका बाजूला लोहगड, दुसऱ्या बाजूला विसापूर. अशा गावात डेस्कटॉपला लावलेला डोंगल चालला नाही की दोष डोंगरावर टाकणं सोपं जातं. पण लिनक्सवर पहिला संशय रेंजवर घेऊ नये. बरेच जुने डोंगल जोडल्यावर मोडेम म्हणून नव्हे, तर सीडी म्हणून उभे राहतात. त्या सीडीत विंडोजसाठीचं सॉफ्टवेअर असतं. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली की खरं कळतं. हुआवेच्या अनेक डोंगलांसमोर १२डी१:१४४६ असा क्रमांक दिसतो. तो तसाच राहिला, तर डोंगल अजून सीडीच आहे. ‘यूएसबी-मोडस्विच’ हे छोटं सॉफ्टवेअर त्याला मोडेम करतं आणि क्रमांक बदलतो, काहींचा १२डी१:१००१ होतो. हा बदल होईपर्यंत टॉवर शेजारी असला तरी उपयोग नाही.

कुणी म्हणेल, डोंगर लहरी अडवतात हे खोटं का? मुळीच नाही. पण ती तपासणी नंतरची. मोडेम ओळखला गेला की ‘मोडेममॅनेजर’ सिग्नलची टक्केवारी दाखवतो. ती कमी असेल तर यूएसबीची लांब वायर घेऊन डोंगल खिडकीत ठेवावा. डोंगलच फेकून द्या, हा सल्ला मात्र एका बाबतीत रास्त आहे: २०१६ साली आलेल्या जिओचं जाळं ४जीपासूनच सुरू होतं, त्यामुळे निव्वळ ३जी डोंगलला ते कधीच सापडणार नाही.