दोन टक्केवाऱ्यांमधील फरक कितपत खरा?

गोडी छाटणीनंतर अवेळी पाऊस झाला की वणी परिसरातील द्राक्षबागांना डाउनी मिल्ड्यू या रोगाचा धोका वाढतो, आणि कोणती फवारणी अधिक गुणकारी हा प्रश्न अखेर दोन प्रमाणांच्या तुलनेवर येऊन ठेपतो. समजा, एकाच बागेच्या दोन भागांत निरनिराळी फवारणी करून प्रत्येकी ४०० घड तपासले आणि एका भागात ८८ (२२ टक्के), तर दुसऱ्यात ६४ (१६ टक्के) घड रोगट निघाले. हे आकडे नमुन्याचे होत. समष्टीतील, म्हणजे त्या भागातील सर्व घडांमधील, प्रमाण कोणत्या मर्यादांत असावे हे विश्वास-अंतराल सांगते. येर्झी नेमन यांनी १९३७ मध्ये मांडलेल्या उपपत्तीनुसार, अशी पाहणी पुनःपुन्हा केल्यास ९५ टक्के अंतरालांत खरे प्रमाण सापडते.

येथे पहिले अंतराल १७.९ ते २६.१ आणि दुसरे १२.४ ते १९.६ टक्के येते. दोन्ही एकमेकांवर चढतात, म्हणून फरक नाही, असे अनेक जाणकारही म्हणून मोकळे होतात. पण ते चूक आहे. दोन्ही नमुने एकाच वेळी विरुद्ध टोकांना चुकण्याची शक्यता कमी असल्याने ४.१ आणि ३.६ या त्रुटींची (म्हणजे दोन्ही अंतरालांच्या निम्म्या रुंदीची) सरळ बेरीज होत नाही, तर त्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ घ्यावे लागते, आणि ते ५.४ भरते. म्हणून ६ टक्के अंकांच्या फरकाचे अंतराल ०.६ ते ११.४ असे येते. त्यात शून्य नसल्याने फरक केवळ योगायोगाचा मानता येत नाही.

अर्थात, हे ४०० घड मोजक्याच वेलींवरून तोडले असतील तर गणित कोलमडते, कारण एका वेलीवरचे घड सहसा एकत्रच रोगट होतात आणि नमुना दिसतो त्याहून लहान ठरतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही निवडलेल्या गावांतून कुटुंबे घेतली जात असल्याने हीच अडचण येते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातील रक्तक्षयग्रस्त स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मधील ४८.० वरून २०१९-२१ च्या फेरीत ५४.२ टक्क्यांवर गेले, आणि प्रत्येक फेरीतील हजारो स्त्रियांचा नमुना पाहता ही वाढ त्रुटीच्या पलीकडची आहे. पाच वर्षांखालील खुरटलेल्या बालकांचे प्रमाण मात्र ३४.४ वरून ३५.२ टक्के झाले; दर फेरीत दहा हजार बालके स्वतंत्रपणे निवडली असे धरले, तरी या फरकाचे अंतराल उणे ०.५ ते अधिक २.१ इतके पसरते, त्यामुळे ‘खुरटलेपणा वाढला’ असे म्हणण्यास हा आकडा पुरेसा नाही.